नाव कापलेली चिठ्ठी

बेंगळुरू, गुरुवार

तीर्थस्वरूप तुळसाआक्काच्या चरणी धाकट्या लवूचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे आता बरे असतील, म्हशीनेही लाथ मारायचं सोडलं असेल. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस (लहानपणापासून), म्हणून लिहून कळवतो. बसून वाच. तुझी अक्षया सुखरूप आहे, हे आधी सांगतो.

तिच्या मधुमेहाची गोष्ट सिद्धेशच्या आईला साखरपुड्याआधी कळता कामा नये, अशी शपथ तू मला देवीपुढे घातलीस. वर तिची इन्सुलिनची पेनं, सुया, साखर मोजायचं यंत्र आणि ग्लुकोजच्या गोळ्या असा सगळा बटवा माझ्या पिशवीत घातलास, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं तिचं नाव कात्रीने कापलंस. कापलंस सुबक, त्याबद्दल तक्रार नाही. पण खालची ओळ राहिली: वय पंचवीस, स्त्री.

तळेऱ्याहून निघून कसालला न्याहारीला थांबलो. अक्षयाने हॉटेलच्या मागे जाऊन गुपचूप इंजेक्शन घेतलं. तेवढ्यात सिद्धेशची आई, मथुराबाई, तिथेच गाडीत बसायला आल्या आणि उशीर होतोय, विमानतळावर खाऊ म्हणाल्या. आता इंजेक्शन घेतल्यावर खायलाच हवं, हे आम्हा दोघांना ठाऊक. पण बोलणार कसं? सिद्धेशच्या बहिणीच्या वास्तुशांतीला निघालेली तीन शहाणी माणसं, त्यातली दोन तोंड मिटून. पिशवी डिकीत.

विमानतळावर तपासणीच्या जवानाने बटवा उघडला. कोणाचा, विचारलं. माझा, म्हटलं. त्याने चिठ्ठी वाचली, माझी मिशी पाहिली, पुन्हा चिठ्ठी वाचली. किती युनिट घेता, असं त्याने विचारल्यावर मी सांगितलं की एरवी दोन, लग्नकार्य असलं तर चार. त्याने साहेबाला बोलावलं. साहेब भला माणूस, त्याने मला बसायला खुर्ची दिली (इतकं धादांत खोटं बोलणारा खरोखरच आजारी असणार, असं त्याला वाटलं असावं).

इतक्यात बायकांच्या तपासणीतून अक्षया बाहेर आली. तोंडावर घाम, आणि साखर उतरल्याचं सांगत तिचा मोबाइल ठणाणा करतोय. तिच्या गोळ्या साहेबाच्या हातात, आणि मी, तिचा सख्खा मामा, अजून माझा बटवा, माझा बटवा करतोय! आक्का, त्या क्षणाची मला लाज वाटते. पोर डोळ्यांसमोर कोसळायला आली होती आणि मला तुझ्या शपथेची भीती होती.

शेवटी तिनेच बाही वर करून दंडावर चिकटवलेलं, मोबाइलला साखर कळवणारं बटण साहेबाला दाखवलं. "मामा, पुरे झाला. तां सगळां माजां आसा."

साहेबाने तत्काळ बटवा दिला. मथुराबाईंनी स्वतः तिच्या तोंडात गोळ्या घातल्या आणि पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या. पंधरा मिनिटांनी पोरीच्या तोंडावर रंग आला. "गो, माका आधी सांगूक काय झाला? कसालाक तुका उपाशी कोण ठेवीत?" एवढंच बोलल्या. मग माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

साखरपुडा मोडलेला नाही. आता रडू नकोस, चहा ठेव.

तुझा,
लवू

ता. क. : विहीणबाईंचा निरोप आहे की आजार चालेल, कात्री चालणार नाही. कापलेला नावाचा तुकडा चुलीत गेला नसेल तर साखरपुड्याला घेऊन ये. त्या स्वतः चिकटवणार आहेत.

आणखी ता. क. : विमानात अक्षयाने मथुराबाईंची साखर मोजली. एकशे बारा. मग त्या म्हणाल्या, मामांचीही बघ, बटवा त्यांचाच ना! तीनशे अठरा आली. तेव्हा त्या डॉक्टरांचा नंबर पाठव, पत्र खरं तर त्यासाठीच लिहायला घेतलं. आमच्या हिला, किशोरीला मात्र एवढ्यात कळू देऊ नकोस. बाईमाणूस, उगाच घाबरेल. तुला देवीची शपथ.

शेवटची ता. क. : वरचा मजकूर अक्षयाने वाचला. मामीला फोन लागला आहे.