बारावी रेघ

४ जानेवारी

विकली! दादाने बाबांची गिटार विकली. ताकास तूर लागू दिली नाही.

"रविवारी ये, घेऊन जा," असं त्यानेच फोनवर म्हटलं होतं. मी वेडी तिच्यासाठी अस्तर लावलेली पिशवी शिवून घेऊन गेले. बघते तर तिच्या जागी इस्त्रीचं टेबल! "अगं, गेली ती. मागच्याच महिन्यात. गिऱ्हाईक चांगलं आलं होतं. बरं, चहा घेशील ना?" वहिनी आत भांडी लावत राहिली. बाहेर आलीच नाही.

मग दादाने माळ्यावरून एक अरुंद फळी काढून दिली. गिटारवरची रेघांची पट्टी. "घेणाऱ्याला ही नको होती. त्याने इथेच उचकटून टाकली. बाबांच्या हातची आहे, तुला आठवण."

सख्ख्या भावाने तोंडाला पानं पुसली. आणि मी ती फळी रिकाम्या पिशवीत घालून मुकाट्याने घरी आले.

५ जानेवारी

एका झग्याला दोन्ही बाह्या डाव्याच जोडल्या. उसवत बसले.

१२ जानेवारी

ठरलं. मी स्वतः गिटार करणार. झाली तर झाली!

कोपऱ्यावरच्या सुताराकडे गेले. जुन्या दाराची जाड फळी त्याने काढून ठेवली. "कशाला हवी, ताई?" गिटार करायला म्हटलं तर रंधा खाली ठेवून बघतच राहिला. "तुम्ही वाजवता?"

काय सांगणार? बाबांनी आम्हा दोघांना शिकवलं होतं. मांडीवर आडवी ठेवायची, एका हाताने तार छेडायची, दुसऱ्या हाताने पोलादी कांडी तारांवर टेकवायची. दादाला सगळं लगेच यायचं. मी सुरुवातीच्या रेघांवर बरी असायचे, पण वरच्या सुरांत गेले की सूर उतरायचा. दर वेळी! "पोरीला कानच नाही," बाबा म्हणायचे. घरात नाव पडलं — बेसूर कंपनी. पाहुणे आले की बाबा मुद्दाम वाजवायला बसवायचे, आणि मग सगळे हसायचे. मीही हसायचे. एक दिवस कांडी ठेवली ती ठेवलीच. पुढे लेकीला झोपवतानासुद्धा कधी गुणगुणले नाही. तिचाही सूर बिघडायचा, म्हटलं.

पन्नाशी उलटली. आता एकदाच बघायचंय, मला कान आहे की नाही. नसेल तर नसेल. पण दुसऱ्यांच्या सांगण्यावरून नाही.

सुताराला म्हटलं, "वाजवायचे." तो म्हणाला, "मग येईल की हाताला."

२७ जानेवारी

आकार आला! सुताराने कापून दिली, घासली मी. रेडिओ दुरुस्तीवाल्याने आवाजाची जोडणी करून दिली, वर "हे प्रकरण वाजलं तर मला बोलवा" हेही ऐकवलं. बोलवते ना.

राहिली पट्टी. या गिटारला सतारीसारखे उभे पडदे नसतात, नुसत्या रेघा. कांडी बरोबर रेघेच्या वर धरायची. म्हणजे रेघ चुकली की सूर चुकला. बाबांची पट्टी उचकटताना टोकाला चिरली आहे, ती बसवता येणार नाही. पण रेघा शाबूत आहेत. त्याच जशाच्या तशा नव्या पट्टीवर उतरवते. तारेची लांबीही त्यांचीच ठेवते, पट्टीच्या मागे बाबांनी पेन्सिलने लिहिलेली आहे. दादाने बाकी सगळं विकलं, एवढं तरी बाबांचं माझ्याकडे राहील.

१ फेब्रुवारी

तारा चढवल्या. वाजवलं. उतरला!

तोच सूर, तसाच उतरलेला, इतक्या वर्षांनी. कांडी नेमकी बाराव्या रेघेवर होती. अगदी वाकून, डोळा लावून धरली होती. बेसूर ती बेसूरच.

लेक आली होती. तिने फोनवर सूर मोजायचं काहीतरी लावलं. काटा डावीकडे. "आई, उतरलाय गं. तू रेघेवर नसशील." आहे म्हटलं ना, बघ! ती खाली वाकली, एक डोळा मिटून बघितलं. "आहेस की," म्हणाली.

गिटार कापडाखाली झाकून ठेवली.

२ फेब्रुवारी

सकाळी काजं पाडताना लक्षात आलं. काल काटा नंतर हलला. सूर उतरल्याचं मला आधीच ऐकू आलं होतं! कान नसता तर ऐकू आलं असतं का?

हातातला शर्ट टाकला, टेप घेतली. तार वरच्या टोकाच्या आधारापासून खालच्या घोडीपर्यंत सत्तावन्न सेंटिमीटर, बाबांनी लिहिलेली तेवढीच. बारावी रेघ बरोबर मध्यावर हवी, एवढं तर बाबांनीच शिकवलेलं. म्हणजे साडेअठ्ठावीस. त्यांची रेघ २७.८ वर! सात मिलिमीटर अलीकडे.

मग लेकीकडून फोनवर खरी अंतरं काढून घेतली आणि बाबांचं एकेक अंतर त्यांच्याशी ताडून मोजलं. बाबांनी प्रत्येक रेघ मागच्या रेघेपासून मोजली होती, आणि मिलिमीटरच्या पुढचं सोडून दिलं होतं. ३.०२ चे ३, २.८५ चे २.८. सुरुवातीला कळतही नाही, पण वर जाता जाता सगळं साठत जातं. शिवणकामात पहिल्या आठवड्यात यावरूनच बोलणी खाल्ली होती मी — एका काजापासून दुसरं काज मोजायचं नाही! टेप कॉलरला धरायची, न उचलता सगळ्या खुणा करायच्या. नाहीतर शेवटचं बटण पोटावर.

माझा हात बरोबर होता. नेहमीच बरोबर होता. मी आपली आज्ञाधारक, नेमकी त्यांच्या रेघेवर!

हसावं की रडावं कळेना. बिचारे बाबा. त्यांना ठाऊकच नव्हतं. जाता जाता मला वेडीला बेसूर म्हणून गेले. दादाचा कान तयार, तो रेघेकडे न बघता वाजवत असणार.

८ फेब्रुवारी

नवी पट्टी. लेकीने हिशोब करून दिला. तारेच्या लांबीला १७.८१७ ने भागायचं, ती पहिली रेघ. उरलेल्या लांबीला पुन्हा तेवढ्यानेच, की पुढची. पण खुणा सगळ्या वरच्या आधारापासून! मोजायची पोलादी पट्टी चिकटवून टाकली, हललीच नाही पाहिजे. खडूची रेघ जाड येते, म्हणून ब्लेडने खोदल्या आणि पांढरा रंग भरला.

बारावीवर कांडी ठेवली. लागला!!

पुन्हा ठेवली. पुन्हा लागला. दहावी, अकरावी, बारावी, खाली, वर, सगळे सूर जागच्या जागी. लेक म्हणाली, "आई, तू गुणगुणतेयस." मला कळलंही नव्हतं.

१४ फेब्रुवारी

दादाला उद्या बोलावलंय. राग गेलेला नाही, केसाने गळा कापला आहे त्याने. पण बाबांची चूक त्याला सांगायची आहे. बाबांना ठाऊक नव्हतं, एवढं कुणीतरी माझ्यासोबत म्हणायला हवं.

१५ फेब्रुवारी

आला. वाजवलं मी. बिस्किट हातातच राहिलं त्याच्या. "बेसूर कंपनी, तू?" मग वाकून पट्टी बघितली. "हां, या रेघा बरोबर आहेत."

मी म्हटलं, बाबांच्या चुकल्या होत्या. बिचाऱ्यांना कधी कळलंच नाही.

"बाबांना? कळलं नाही?" तो हसला. "अगं, पहिल्याच दिवशी म्हणाले होते मला. वरच्या रेघांकडे बघू नकोस, अलीकडे पडल्यात, कांडी जरा पुढे धर. तुला नव्हतं सांगितलं?"

"सांगितलं असेल," मी म्हणाले. "मीच विसरले असेन."

नव्हतं सांगितलं. एकदाही नाही. आणि हसायचे मात्र सगळ्यांत मोठ्यांदा तेच.