पेपरात तसं काही नाही

रविवार, २१ सप्टेंबर

ग्रुपवर वाल्मिकचा मेसेज — "वरून पाणी सोडलंय. नदीकाठची घरं खाली करा. टेम्पो तयार आहे." कोणी सांगितलं, कधी सांगितलं, काही नाही. टेम्पो मात्र त्याचाच!

गेल्या वर्षी असंच झालं. सगळे शाळेत जाऊन बसलो आणि सीना नदी पुलाला शिवलीसुद्धा नाही. परत आलो तर विहिरीवरची मोटर गायब. माझीही, पलीकडच्या घरातल्या प्रभुदासमामांचीही. मी कोणाचं नाव घेत नाही. पण रिकाम्या गावात टेम्पो कोणाचा फिरत होता, ते सगळ्यांना माहीत आहे.

सोमवार, २२

तलाठी दारावर. "घाबरू नका, पण सावध राहा." म्हणजे नेमकं काय करू? म्हणाले, "आदेश आला की कळवतो."

चर्चच्या पाळकसाहेबांचा फोन — प्रार्थना करा. पुण्याहून भाच्याचा — "मामी, टीव्हीवर दाखवतायत, निघा!" म्हटलं, आपलं गाव दाखवलं का? "तसं नाही, पण..."

सासूबाईंचं एक अंग लुळं. गेल्या वर्षी शाळेच्या ओल्या फरशीवर निजवलं तर छाती भरली. मरता मरता वाचल्या. पुन्हा हलवलं आणि पाणी आलंच नाही तर? नाही हलवलं आणि आलं तर?

यांना विचारायला तोंड वळलं. खाट रिकामी. अजून वळतं.

मंगळवार, २३

एसटी बंद. पेपर दुधाच्या गाडीतून आला. मी वाचायला शिकले ती किराण्याच्या पुड्यांवर. फोनवर कोणीही काहीही लिहितं, छापलेल्याला कोणीतरी जबाबदार असतं. पान चार — धरणातून विसर्ग कमी केला. संपलं!

शेजारची गौहर कुंपणाशी आली.

"हेलनबाई, जायाचं का न्हाई? आमच्या घरचं म्हनतंय, टेम्पोत बसू."

"बसा की. मोटर तेवढी उचलून सोबत न्या."

हसली. "लई राग बाई तुमचा वाल्मिकवर!"

"राग नाही, पेपर वाचलाय. पाणी कमी केलंय. सांग कोणालाही."

बुधवार, २४

शाळेत आहे.

पहाटे पाणी ओट्यावर चढलं. वाल्मिक कमरेएवढ्या पाण्यातून आला, सासूबाईंना पाठुंगळी घेतलं. "मावशी, आता तरी चला! शिव्या मागनं द्या." मी निघाले. टेम्पोत चढताना मी आधी मागे कोणाची मोटर दिसते का ते पाहिलं. दिसली नाही. लपवली असेल.

सासूबाई बाकांवर. खोकला नाही अजून.

प्रभुदासमामा कुठे दिसत नाहीत.

गुरुवार, २५

मामा सापडले. चर्चमागच्या बाभळीत अडकलेले.

एकटा जीव, पण चांगले हिंडतेफिरते. गेल्या वर्षी सगळ्यांच्या आधी निघाले होते. यांच्या दफनाला कबरीवर पहिली माती त्यांनी टाकली, मग मला हात धरून पुढे नेलं. वाल्मिक म्हणतो, "दोनदा गेलो दारावर. न्हाईच म्हनले." म्हणे! हाच तेवढा खरा बोलणारा! आपणहून थांबणारा माणूस नव्हता तो. कोणीतरी थांबवलं. का थांबवलं, ते काढल्याशिवाय मी सोडणार नाही.

पेपर पिशवीत होता, पुन्हा पाहिला. तारीख सोमवारची. गाडीवाल्याने शिळा पेपर गळ्यात मारला! कोणावर म्हणून विश्वास ठेवावा?

शुक्रवार, २६

गौहरला विचारलं. मामांना कोणी थांबवलं? ती जायला उठली. मी सोडलं नाही.

"पिशवी भरून ओट्यावर बसले हुते. मीच सांगितलं जाऊन... हेलनबाईनं पेपर वाचलाय म्हनून. लई खूश झाले. म्हनले, ती वाचून बोलती. पिशवी आत नेऊन ठिवली."