इटलीला मी नको का म्हणाले

प्रिय सूनबाई,

सूनबाई म्हटलेलं तुला आवडत नाही, ठाऊक आहे मला. पण गेल्या रविवारनंतर तुला नावाने हाक मारायला तोंड उरलेलं नाही, म्हणून नात्याच्या आडोशाने सुरुवात करते. हे पत्र एकटी असताना वाच. तुझ्या नवऱ्याला यातलं काय सांगायचं, सांगायचं की नाही, ते तू ठरव. त्याची मला लाज वाटते, तुझी वाटत नाही, असं लिहिणार होते. पण खोटं कशाला बोलू, तुझीही वाटतेच.

खरं तर फोनवर बोलायला हवं होतं. उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्यात गेला, आणि स्वतःचं एक वाक्य मला जोडता येईना. या आठवड्यात दोनदा फोन केला. तू नेहमीसारखं ‘बोला आई’ म्हणालीस, आणि मी नातीचा खोकला कमी आहे का एवढंच विचारून ठेवून दिला. तू काय समजलीस कोण जाणे. आवाज तुझा नेहमीपेक्षा गार होता, आणि तो असायलाच हवा होता.

तू रविवारी आलीस तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर जे होतं ते मला अजून दिसतं. जेवणाच्या टेबलावरची भांडी बाजूला सारून तू इटलीचा नकाशा पसरलास, कोपऱ्यांवर मिठाची बाटली नि वाट्या ठेवल्यास. रोम, मग फ्लॉरेन्स, मग व्हेनिस, आणि दमून गेल्यावर शेवटी उत्तरेकडचं ते तळ्याकाठचं गाव. कुठून कुठे आगगाडीने जायचं, कुठे सामान ठेवायचं, कुठल्या दिवशी कुणीच काही करायचं नाही, सगळं तू आखलं होतंस. नातीसाठी, आपल्या चिमणीसाठी, होड्या. ह्यांच्यासाठी फ्लॉरेन्सचा तो घुमट. ह्यांनी नोकरीभर दुसऱ्यांच्या इमारतींचे नकाशे काढले, आणि तो घुमट कसा उभा राहिला असेल ते तुला प्रत्येक भेटीत नव्याने समजावून सांगतात, तरी तू दरवेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकतेस. आणि माझ्यासाठी तू तळ्याकाठची एक बाग हुडकली होतीस. मला झाडं आवडतात हे मी तुला कधी सांगितलं मला आठवतही नाही. वर पिशवीतून माझ्यासाठी आणलेली विजार काढलीस, फिकट साईच्या रंगाची, चालायला हलकी. मी ती हातातसुद्धा घेतली नाही. मला असले रंग शोभत नाहीत म्हणाले.

आणि मग मी तुझ्या आखणीचा एकेक धागा उसवत गेले. रोममध्ये ऊन फार, चिमणीला सोसणार नाही. आगगाड्या बदलायच्या म्हणजे सामानाची ओढाताण, मुलाच्या पाठीला त्रास. व्हेनिसच्या पाण्याला म्हणे वास येतो. तू दरवेळी ‘बरं’ म्हणायचीस आणि पेन्सिलीने काहीतरी खोडायचीस. चार गावांची तीन झाली, तिनाची दोन. घुमटावर आले तेव्हा मी म्हणाले, ह्यांचे गुडघे त्या पायऱ्यांना टिकायचे नाहीत. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या इमारतीची लिफ्ट महिन्यातून निम्मे दिवस बंद असते आणि हे भाजीच्या दोन पिशव्या घेऊन चार जिने चढून येतात, ते तुलाही माहीत आहे. पण हे आपल्या चष्म्याची काच पुसत बसले.

तेव्हा तू पेन्सिल खाली ठेवलीस आणि अगदी हळू आवाजात म्हणालीस, “आई, तुम्हाला माझ्याबरोबर यायचं नसेल तर तसं सांगा. मला वाईट वाटणार नाही.”

तुला वाईट वाटणार हे तुझ्या हातांवरून दिसत होतं. मी त्या क्षणी खरं बोलू शकले असते. पण खरं बोलायचं म्हणजे मुलासमोर, ह्यांच्यासमोर, मिठाच्या बाटलीसमोर बोलायचं. त्यापेक्षा तुझं मन मोडणं मला सोपं वाटलं. “तसंच समज,” मी म्हणाले.

तसं नव्हतं गं. ऐक आता.

तुझा नवरा जन्मला तेव्हा मी तीन दिवस अडले होते. पोर धडधाकट निघालं, मी मात्र कुठेतरी उसवले. शिंक आली, खोकला आला, जड बादली उचलली, की कपडे ओले. माझ्या आईला सांगितलं तर ती म्हणाली, बायकांचं असंच असतं, त्याचा डांगोरा पिटायचा नसतो. मी पिटला नाही. हळूहळू असं झालं की लागली म्हणजे लागली, कुलपात किल्ली फिरवून दार उघडण्याइतकाही धीर निघेना.

एक्स्चेंजमध्ये जागेवरून उठायचं तर बदली बाई येईपर्यंत थांबावं लागे. वरच्या बाई हात वर केलेला पाहून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायच्या, तुम्हाला आत्ताच तर सोडलं होतं ना? म्हणून मी कामावर पाणी प्यायचंच सोडलं. ओठ सुकून दुपारपर्यंत आवाज घोगरा व्हायचा. लोकांना वाटायचं, बाई फार करड्या आहेत.

पुढे एकदा ऑफिसची सहल निघाली. बसमध्ये शेजारची मैत्रीण वरच्या बाईंची नक्कल करत होती. मी तेव्हा फार हसायचे, तुला खरं वाटणार नाही, पण मी हसले की अख्ख्या रांगेला हसू फुटायचं. त्या दिवशीही हसले, आणि हसता हसता सगळं झालं. सीटवरून खाली ओघळ आला. मैत्रिणीने पटकन आपल्या बाटलीतलं पाणी सांडलं आणि मोठ्याने स्वतःलाच वेंधळी म्हणाली. किती चांगली होती ती! पण मी त्यानंतर तिच्याशी धड बोलले नाही. तिला माझं कळलं होतं, ते मला सोसवेना. तिने दुसरीकडे बदली मागून घेतली. आणि मी चारचौघांत हसणं सोडलं.

तू पहिल्यांदा आमच्या घरी आलीस त्या दिवसाचं तुला काय वाटतं ते मला मुलाने नंतर सांगितलं होतं. नोकरीच्या मुलाखतीत तो घाबरून साहेबाला ‘हो आई’ म्हणाला, हा किस्सा तू इतका रंगवून सांगितलास की हे टेबलावर हात आपटत हसत होते. मी ताडकन उठले आणि आत गेले. तुला वाटलं, सासूला पोरगी आगाऊ वाटली. घरी जाऊन तू रडलीस म्हणे. मी न्हाणीघरात नळ सोडून, तोंडात पंचा कोंबून हसत होते. हसता हसता रडतही होते, पण ते निराळं.

इतकी वर्षं मी गडद रंगच का नेसते-घालते, बाजारात ठरावीक दुकानांतच का जाते, नाटकाला कडेचीच खुर्ची का मागते, आता तुझ्या ध्यानात येईल. या गावातलं कुठलं शौचालय स्वच्छ, कुठलं कुलूपबंद, कुठे विचारलं की कपाळाला आठ्या पडतात, हे मला पाठ आहे. आणि तुला सांगते, तू टेबलावर नकाशा पसरायच्या आधीच मी इटली पाहून आले होते. चिमणीने मला शिकवलं तसं तिच्या जुन्या टॅब्लेटवर रोज दुपारी पाहत होते. लोक कारंजी बघतात, चित्रं बघतात. मी फक्त शौचालयं बघितली. घुमटाचा जिना अरुंद आहे, माणसांमागे माणसं, मधूनच मागे फिरता येत नाही, हे वाचलं आणि टॅब्लेट मिटून ठेवला. ह्यांच्या गुडघ्यांचं काही नव्हतं. त्या जिन्यात अर्ध्यावर, मागे अनोळखी माणसांची रांग असताना, मला माझं काय होईल ते दिसत होतं.

तुम्ही गेल्यावर ह्यांनी मुलाला फोन करून सांगितलं की तुम्ही तिघं जाऊन या, आम्ही पुन्हा कधीतरी बघू. ‘पुन्हा कधीतरी’ हे शब्द ह्यांनी माझ्यासाठी किती वेळा वापरले असतील! डोंगरावरचं थंड हवेचं गाव, मित्राची बोट, मुलाचा पदवीदान समारंभ. दरवेळी मी डोकं दुखतं म्हणायचे आणि दरवेळी हे बूट काढून ठेवायचे.

गुरुवारी एक गोष्ट माझ्या नजरेस पडली. ती शेवटी लिहिते. तिच्यामुळे शुक्रवारी सकाळी मी ह्यांना सांगायला बसले. हे भांडी पुसत होते. मी त्यांच्याकडे न बघता, ओट्याकडे तोंड करून सांगितलं, थांबले असते तर पुन्हा तोंड उघडलं नसतं म्हणून भराभर. सगळं ऐकून ह्यांनी पहिला प्रश्न विचारला, “दुखतं का गं?” मी नाही म्हणाले. मग पातेलं फडताळात ठेवून, पाठमोरेच राहून म्हणाले, “मला वाटायचं, तुला माझ्याबरोबर कुठे जायचंच नसतं.”

 एका माणसाबरोबर जन्म काढला आणि त्याला हे वाटू दिलं. ओल्या कपड्यांची लाज मी इतकी जपली की या दुसऱ्या गोष्टीची लाज वाटायला सवडच झाली नाही. ती आता वाटते. तुझ्याबाबतीतही तेच केलं, फक्त एका रविवारात केलं.

त्याच दिवशी हे मला दवाखान्यात घेऊन गेले आणि मी म्हटल्यावर बाहेर थांबले. डॉक्टरीणबाई तुझ्याच वयाच्या. कधीपासून, किती वेळा, रात्री उठावं लागतं का, असं सगळं त्यांनी सर्दीची चौकशी करावी तसं विचारलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरशी बोलत होते. त्या हसल्या नाहीत, दचकल्याही नाहीत. म्हणाल्या, खूप बायकांना असतं. आतल्या स्नायूंचे व्यायाम आहेत, ते शिकवले. घाई लागते त्यावर गोळी दिली. एवढ्याने भागलं नाही तर छोटी शस्त्रक्रिया असते, पण बहुतेकींना पुष्कळ फरक पडतो. माझ्या वयाला वेळ लागेल, म्हणाल्या. बाळंतपणानंतर लवकर आलं तर फार लवकर आटोपतं. मी बाहेर आले तर मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. पायरीवरच बसले. ज्याच्यासाठी मी हसणं सोडलं, मैत्रीण सोडली, ह्यांना दरवेळी घरी बसवलं, ते एवढंसं बोलणं होतं.

आता तुझी क्षमा मागते. तुझ्याबरोबर यायचं नव्हतं असं नाही. तू आखलेलं सगळं चांगलं होतं आणि मी जाणूनबुजून ते मोडलं. मोडलेलं पुन्हा मांडायचं की नाही हा तुझा अधिकार. मांडलंस तर मी येईन, घुमटाखाली बाकावर बसेन आणि हे वर जातील. नाही मांडलंस तरी माझी तक्रार नाही.

पण नुसती क्षमाच मागायची असती तर मी तुझ्या दारात येऊन मागितली असती, लिहीत बसले नसते. गुरुवारी संध्याकाळी चिमणीला घेऊन उड्यांच्या त्या जाळीवर, ट्रॅम्पोलिनवर, गेले होते, तू कामावरून परस्पर तिथे आलीस. बाकीच्या आया पोरांबरोबर उड्या मारत होत्या. चिमणी तुझा हात ओढत होती, आई एकदाच, एकदाच. तू म्हणालीस, पाय मुरगळलाय. मी तुला फाटकापासून तरातरा चालत येताना पाहिलं होतं. इतक्या उकाड्यात तू कमरेला स्वेटर बांधला होतास, गाठ पुढे, बाकीचा मागे सोडून. मग तुला शिंक आली, आणि शिंकण्याआधी तू जे केलंस, एका पायावर दुसरा पाय घट्ट आवळून, भिंतीला हात लावून, ते जगात दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. चिमणीही तू म्हणे तीन दिवस अडून जन्माला घातलीस. माझी चूक होत असेल, पाय खरंच मुरगळला असेल, तर या म्हातारीला पोटभर हस आणि पत्र फाडून टाक. नसेल चूक, तर तुझ्या आईने किंवा माझ्या आईने जे सांगितलं असतं ते ऐकू नकोस. येत्या मंगळवारी सकाळी त्याच डॉक्टरीणबाईंकडे मी भेटीच्या दोन वेळा घेऊन ठेवल्या आहेत, लागोपाठ. तिथे फक्त आडनाव पुकारतात, आणि आडनाव आपल्या दोघींचं एकच आहे. मी बाहेर बाकावर बसेन. पहिल्या हाकेला कोण उठलं, दुसऱ्या हाकेला कोण, कुणाला काही कळायचं नाही.

वाट पाहणारी, तुझीच
आई