पांडुरंगरावांना दिलेलं ताट

कुंभकोणम,
जानेवारी १९५४

प्रिय वेणू,

आज इथला शेवटचा दिवस. रात्रीच्या गाडीने मद्रास, आणि उद्या तू तुझ्या पगारातून काढलेल्या तिकिटावर विमानाने मुंबई. जन्मभर बार्शीच्या पोरांना भूगोल शिकवला, कावेरीचा त्रिभुज प्रदेश फळ्यावर काढून काढून खडू झिजवले, पण स्वतः कधी वाडी जंक्शनच्या पुढे गेलो नव्हतो. तेव्हा मला हा परदेशच. रस्त्यात दुकानाची पाटी वाचता येत नाही, आणि घरात पाऊल टाकलं की माणसं विचारतात, जेवण जाहलें का. तंजावरच्या मराठी राजांबरोबर इकडे आलेली ही घराणी; त्यांची ती जुनी मराठी ऐकताना मला सारखं वाटतं, आपण आपल्या पणजोबांच्या पणजोबांशी बोलतोय. परवा मी नकळत पगडी सारखी करायला डोक्याला हात लावला, आणि डोक्यावर तर साधी टोपीसुद्धा नव्हती.

घर बघून झालं, माणसं बघून झाली, जवळच्या स्वामीमलै गावी जाऊन मूर्ती ओततात तेही बघून आलो. आज काहीच बघायचं नव्हतं, म्हणून सकाळपासून नुसता सुखात आहे. नदीवर मनसोक्त डुंबलो. परत आलो तो कॉफी तयार. इथे ती पितळी डबऱ्यातून, म्हणजे पसरट वाटीतून, टंबलरमध्ये हातभर उंचावरून ओततात. मीही ऐटीत ओतायला गेलो आणि निम्मी धोतरावर घेतली. सेतूची आई, गोमतीबाई, तोंडाला पदर लावून आत पळाल्या. पांडुरंगराव मात्र गंभीर चेहऱ्याने म्हणाले की त्यांचं स्वतःचं अजून अधूनमधून असं होतं. धडधडीत खोटं, पण सेतूचे वडील मला तिथेच आवडले.

तू मला कशासाठी धाडलंस ते विसरलो नाही हं. तू म्हणाली होतीस, तात्या, तुम्ही घर बघून या. तुम्ही नाही म्हणालात तर मी सेतूला नाही सांगेन, पण मग दुसऱ्या कुणाचं नाव माझ्यापुढे काढू नका. चांगला पेच टाकलास म्हाताऱ्यावर. खरं सांगतो, येताना मी नकार बरोबर घेऊनच आलो होतो. मुलगा टेलिफोन खात्यात इंजिनियर आहे, सज्जन आहे, तुला हसवतो, सगळं मान्य. पण उद्या नोकरी सोडून तो गावी परतला तर? आपली एकुलती एक पोर हजार मैलांवर, तीन वेळा भात, घराबाहेर चार शब्द बोलायचे तर तमिळ शिकायची. ताप आला आणि तुला आईची आठवण झाली, तर ती कुणाला सांगायची? म्हणून निघताना इतकंच म्हणायचं ठरवलं होतं की पत्राने कळवतो. आपल्याकडे याचा अर्थ काय होतो ते तुला ठाऊक आहे.

आणि मग आज सकाळी गोमतीबाईंनी घोळ केला. मी आंघोळ करून बसलो होतो, तर स्वयंपाकघरातून पीठ थापल्याचा आवाज. डोकावलो. बाई परातीपुढे बसलेल्या, ज्वारीचं पीठ कोपरापर्यंत, आणि डोशाच्या तव्यावर भाकरीचे चार तुकडे. मला बघून अशा ओशाळल्या की विचारू नकोस. मग हळूच म्हणाल्या, सेतूने कळवलं होतं, वेणूला भाकरीवाचून जेवल्यासारखं वाटत नाही. महिनाभर त्या रोज एक भाकरी करून बघताहेत आणि रोज ती मोडते आहे. अगं, मी अजून होकार दिलेला नाही, आणि ही बाई महिनाभर तुकडे खाते आहे. मग काय, मी पाट ओढून बसलो. तुझी आई गेल्यापासून हे एक काम मला झक्क जमतं. पाणी कढतं हवं, पीठ मळायचं ते तळहाताने, सगळं दाखवलं. शेजारच्या दोघी खिडकीतून बघायला आल्या. गोमतीबाईंची तिसरी भाकरी टम्म फुगली तेव्हा त्या एवढ्या आनंदल्या की त्यांनी ती पांडुरंगरावांच्या दुकानात पाठवून दिली, नुसती बघायला. मी डोळे चोळले. धूर होता म्हणून निभावलं.

आता माझा घोळ ऐक. एवढ्या पाहुणचारावर रिकाम्या हाताने निघणं बरं नव्हे, म्हणून दुपारी बाजारात गेलो. पांडुरंगरावांचं भांड्यांचं दुकान, ते माझ्याकडून पैसे घेणार नाहीत, म्हणून शेजारच्या दुकानातून नवंकोरं पितळी ताट घेतलं. भांडीवाल्याला भांडं भेट देणारा माझ्यासारखा शहाणा मीच. त्यावर इथली कोवळी विड्याची पानं, सुपारी, नारळ, केळी, गोमतीबाईंना खण, सगळं सुरेख मांडलं आणि चार शेजारी ओसरीवर बसलेले असताना पांडुरंगरावांच्या हाती दिलं. गोमतीबाई देवापुढे दिवा लावायला धावल्या. एक म्हातारे गृहस्थ उठले आणि त्यांनी मला मिठीच मारली. वेणू, इथे मुलीच्या बापाने मुलाच्या बापाच्या हाती विड्याचं ताट दिलं की लग्न ठरलं. साखरपुडा, बोलणी, याद्या, सगळं त्यातच आलं. म्हणजे निरोपाची भेट द्यायला गेलो आणि तुला देऊन बसलो.

माझा चेहरा पांडुरंगरावांनी बरोबर वाचला. शेजाऱ्यांना कॉफीत गुंतवून त्यांनी मला परसात नेलं आणि हळू आवाजात म्हणाले, "गुरुजी, तुमच्याकडे ही चाल नाही, हें मला कळतें. तुम्ही पाहुणे म्हणोन दिलें, मी तसेंच घेतलें. लोकांस मी सांगेन. मुलीचें तुम्ही घरीं जाऊन निवांत ठरवा."

चार लोकांत स्वतःचं हसं करून घ्यायला तो माणूस तयार होता, मला अडचण नको म्हणून. आणि त्या क्षणी मला स्वच्छ कळलं की तुला ताप आला तर कुणाला सांगायचं. मी म्हणालो, "ताट परत मागायला आलो नाही. मुलीच्या बापाने दिलंय, ठेवा." मग आम्ही दोघेही केळीच्या बुंध्याकडे बघत उगाच उभे राहिलो.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. उद्या सांताक्रूझला तू समोर येशील, माझं तोंड बघशील आणि विचारशील, घर कसं होतं तात्या, आणि मी विमानात काय खायला दिलं ते सांगत बसेन. तुझी आई असती तर तिने तुला जवळ घेऊन सांगितलं असतं. मला ते जमायचं नाही, हे मला माहीत आहे आणि तुलाही. म्हणून सगळं लिहून काढलं, आणि तुझ्या हातात हे देऊन मी सामान घ्यायचं निमित्त करून पाठमोरा उभा आहे. वाचून झालं की लगेच माझ्याकडे येऊ नकोस, जरा डोळे पुसू दे. आधी सेतूला बोलाव. तो आलाच असेल, आणि मी चिडेन म्हणून तू त्याला लांब कुठेतरी खांबाआड उभं केलं असशील. त्याला म्हणावं, सासऱ्याची ट्रंक जड आहे.

तुझाच,
तात्या