पांढऱ्या साडीवर नेम

२ एप्रिल १९७८, वाडी
गोविंदा स्टुडिओत येऊन गेला. त्याच्या मुलीचं, सिंधूचं लग्न तीस तारखेला. फोटो मीच काढायचे. जाताना म्हणाला, "या बारीले तरी येऊ दे गा."
सत्तावन्न साली त्याच्या स्वतःच्या लग्नात मी दिवसभर बटण दाबलं आणि रोल आत जागचा हलला नव्हता. रोलने दगा दिला, मी काय करणार? त्याची बायको तुळसाबाई आजही स्टुडिओत आली की भिंतीवरची दुसऱ्यांची लग्नं बघत उभी राहते.
ठराव : अंदाजपंचे काम बंद. उजेड मोजायचा मीटर घेणार.

५ एप्रिल
शहरात, महाल भागात मधुकररावांकडे गेलो. कॅमेऱ्याच्या सामानाचे जुने एजंट. टेबलावर दोन मीटर. एक चपटा, पांढऱ्या घुमटीचा. नवरीच्या हनुवटीखाली नेऊन धरायचा. दुसरा स्पॉट मीटर, थेट पिस्तुलासारखा. दुरून डोळा लावायचा, नेम धरायचा, आत आकडा.
मधुकरराव म्हणाले, घुमटीवाला न्या. "हे पिस्तूल ज्याच्यावर नेम धरसान त्याले करडंच समजते. पांढरं असो का काळं."
माणूस ज्याची तारीफ करतो तेच त्याला खपवायचं असतं. मी ट्रकच्या नंबर प्लेटा रंगवत वर आलो, एवढं कळतं. पिस्तूल घेतलं.

९ एप्रिल, सकाळ
रस्त्यावर प्रॅक्टिस. ट्रकवर नेम धरला तर ड्रायव्हर खाली उतरून लायसन दाखवू लागला. मशीनला वजन आहे.
कौशल्याला जुना कॅमेरा देऊन टाकला. बायकोलाही छंद असावा. तिचा हिशेब सोपा : भिंगाचा आकडा उन्हात अकरा, मांडवात साडेपाच. फिल्मच्या खोक्यातल्या कागदावर वाचलेलं. हसलो, पण प्रेमाने.

१८ एप्रिल, दुपार
डार्करूममध्ये होतो. पडद्याबाहेर गोविंदा कौशल्याला हळूच म्हणाला, "वहिनी, त्याले मालूम नका पडू देजा. मनाले लागन त्याच्या. सारा भरोसा तुमच्यावर हाये."
माझे कान लहानपणापासून तीक्ष्ण. लग्नात माझा सत्कार ठरलेला दिसतो. शाल असणार.
ठराव : चार शब्द तयार ठेवणे. डोळ्यांत पाणी येऊ न देणे.

३० एप्रिल
आपल्या बौद्ध लग्नात नवरी पांढऱ्या साडीत, नवरदेव पांढऱ्या कपड्यांत. मीटरला याहून सोपं काय? मांडवात सगळ्यांत जास्त चमकते ती साडी. नेम तिच्यावर. दर फोटोला नेम. पाहुणे माझ्याकडेच बघत होते.
कौशल्या विचारत होती, "साडीवर काहून नेम धरून राहिले? तोंडावर धरा ना." तिला सांगितलं, तू तुझं साडेपाच बघ. ती बायकांत बसून जुन्या कॅमेऱ्याने काहीबाही काढत होती. काढू दे.
शाल काही निघाली नाही. विसरले असतील घाईत.

२ मे
रोल धुतले. साडी राखेच्या रंगाची. चेहरे चुलीच्या धुरात उभे केल्यासारखे. नवरदेव कोणता ते उंचीवरून कळतं. प्रिंट उजळ करून पाहिली. सगळं मळकट झालं. सगळे रोल तसेच. पुन्हा दगा.

४ मे
मधुकररावांशी भांडायला महालात. ते शांतपणे म्हणाले, "सांगतलं होतं ना तुमाले. पांढऱ्यावर नेम धरला, त्यानं पांढऱ्याले करडं केलं. त्याचं काम केलं त्यानं."
मी म्हटलं, असं काही सांगितलं नव्हतं.
घरी येऊन पाच एप्रिलचं पान काढलं. सांगितलं होतं. अक्षर माझंच. रोजनिशीसुद्धा फितूर.

६ मे
कौशल्याचा रोल धुतला. बारापैकी बारा. साडी पांढरी, सिंधूचं हसू, गोविंदाचे ओले डोळे, सगळं साफ.
विचारलं, गोविंदाने तुला आधीच सांगून ठेवलं होतं? ती भाजी चिरत म्हणाली, "त्यायनं एकदा पाहिलं होतं ना तुमचं काम."
अठरा तारखेचा एकूण एक शब्द मी बरोबर ऐकला होता. कानांना दोष नाही. पण एकवीस वर्षं जुन्या दोस्ताने माझ्याच पडद्याआड माझ्याच बायकोशी संगनमत करावं?
ठराव : गोविंदाशी बोलणे बंद.

९ मे
गोविंदा आणि तुळसाबाई आले. पिशवीत शाल. कौशल्याला पांघरली.
तुळसाबाईने पांढरी साडी नेसली होती, गोविंदा पांढऱ्या सदऱ्यात. म्हणाली, "आमचाही एक काढ वं कौशल्या. राहूनच गेला होता."
मी मीटर घेऊन पुढे झालो. गोविंदा म्हणाला, "तू मागचा पडदा धर गा, हालून राहिला."
न बोलण्याचा ठराव होता. न बोलता धरला.

१० मे
फोटो आला. दोघं लाजून बसलेत. तुळसाबाईने तिथेच छातीशी धरला, आणि भिंतीकडे पाहिलंच नाही.
डाव्या कोपऱ्यात पडद्याच्या कडेला माझी चार बोटं आली आहेत. साफ आली आहेत.