एक घर, दोन क्रमांक

मी, खाली सही करणारा, छापखान्यात हयातभर उलट्या अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवलेला निवृत्त कंपोझिटर, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कुणाच्या दडपणाशिवाय आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवीत आहे. डॉक्टरांनी स्मरणशक्ती तपासली तेव्हा मी त्यांना चौथीच्या पुस्तकातली अख्खी कविता म्हणून दाखवली. "पुरे आजोबा, पटलं," म्हणाले आणि दाखला दिला. यापूर्वी रागाच्या भरात केलेले मृत्युपत्र रद्द समजावे.

१. माझे राहते घर, पुढच्या खोलीसह, माझ्या एकुलत्या एक लेकीला, म्हणजे चिमणीला, पूर्ण मालकीने मिळावे. जिन्याची खालची पायरी हलते. माझा तिच्यावर जीव आहे, पण दुरुस्त केली तरी चालेल.

२. मात्र या घरावर कर खात्याचा बोजा आहे. तो कसा चढला, हे लेकीला नीट ठाऊक असावे.

आम्हा दोघा भावांत छत्री एक, सायकल एक, लग्नाचा कोटही एकच. आईचा दंडकच होता, "घरात एक आहे ना, मग दुसरं कशाला?" धाकट्याने माझ्याच पुढच्या खोलीत पुस्तकबांधणीचा धंदा काढला आणि बँकेने कर क्रमांक विचारला, तेव्हा त्याने बिनदिक्कत माझा सांगितला. यात लबाडी नव्हती. दारावर असतो तसा हाही घराचाच क्रमांक, असे त्याला वाटले. आडनाव एक, आद्याक्षर एक. बँकेनेही खोलात पाहिले नाही. त्याची कमाई माझ्या नावावर दिसू लागली. माझ्या विवरणपत्रात ती नव्हती, म्हणून खात्याने मी उत्पन्न लपवले असे ठरवले. थकबाकी निघाली, दंड बसला, शेवटी घर अडकले. मी तणतणत त्याच्याकडे गेलो.

"दादा, सायकल नेली तेव्हा नाही रे बोललास!"

"सायकलवर दंड बसत नव्हता!"

तेव्हापासून बोलणे खुंटले, ते वर्षानुवर्षे.

३. पुढे कर सल्लागार बाईंनी मला समजावले. "काका, हा क्रमांक घराचा नाही, माणसाचा. एका माणसाला एकच, जन्मभर पुरतो. तुमच्यानंतरही तो दुसऱ्या कुणाला देत नाहीत." हे ऐकून मला फार बरे वाटले. जुन्या वर्गातल्या बाकावर कुणी आपली जागा धरून ठेवावी, तसे; मी ते बोलूनही दाखवले. बाई म्हणाल्या, "कविता नंतर. भावाने स्वतःचा क्रमांक काढायचा, ती कमाई त्याची म्हणून लिहून द्यायचं, मग बँक नोंद सुधारेल. नाहीतर तुमच्या माघारी लेकीला हे घर विकून थकबाकी भरावी लागेल."

म्हणून गेल्या आठवड्यात मी धाकट्याकडे गेलो. तो पुठ्ठ्याला खळ लावत होता. मान वर केली नाही.

"घर कुणाला देतोयस?"

"चिमणीला. मिळालं तर."

"मी लिहून दिलं तर सगळं माझ्यावर येणार."

"येणार."

त्याने ब्रश पाण्यात बुडवून ठेवला. "तिला खांद्यावर बसवून शाळेत सोडलंय मी. कुठे सही करू, सांग."

४. दुरुस्तीचा अर्ज गेला आहे, आदेश यायचा आहे. लेकीने अर्जाची पोच जपावी, कर कचेरीच्या खिडकीवर चिडू नये आणि बोजा उतरल्याचा दाखला हाती घ्यावा. कायदेशीर वारस म्हणून माझे शेवटचे विवरणपत्र तिनेच भरावे. परतावा आला तर त्यातून बाईंची फी द्यावी. माझा क्रमांक सर्वांत शेवटी परत करावा. आधीच बंद केलास, बाळ, तर दुरुस्ती करणार कशावर?

५. छापखान्याच्या मालकांनी माझ्या निरोपाच्या दिवशी माझी कविता दुसऱ्या कडव्यालाच थांबवली होती. ती तक्रार मी मागे घेतो. कविता मात्र मागे घेत नाही. माझी शाळेची जुनी वाचनमाला गल्लीतल्या वाचनालयाला द्यावी. त्यातल्या कविता मी खिळ्यांत उलट्या वाचल्या आहेत. तरी सुलटच पाठ झाल्या.

६. पुढच्या खोलीत राहिलेले बांधणीचे दाबयंत्र धाकट्याला द्यायचे मनात होते. वकील म्हणाले, "साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये, पुढे वाद होतात. एकतर यंत्र, नाहीतर सही." मी धाकट्याकडे पाहिले. "यंत्र चिमणीला दे," तो म्हणाला, "मी सही करतो." म्हणून धाकट्याला यात काहीही ठेवलेले नाही. त्याला डावलले, असा अर्थ कुणी काढू नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, मोठ्याने वाचला आणि तो मला मान्य आहे.

स्थळ: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: या महिन्याचा शेवटचा शनिवार

(सही) मृत्युपत्र करणारा

साक्षीदार:

(सही) डॉक्टर. यांनी माझ्यासमोर शुद्धीत सही केली.

(सही) सख्खा धाकटा भाऊ. दादाने माझ्या डोळ्यांदेखत सही केली. चिमणीच्या घरावरचा बोजा माझा आहे, हे मी इथेही लिहून देतो.