खाली जिवंत आहे

सोमवार, ४ तारीख

एकदाची पोचले, आईसकट! अग्निशमन केंद्राच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालंय. आईने आल्या आल्या सगळ्या खिडक्या उघडल्या, ओट्यावरून बोट फिरवून आधीच्या बिऱ्हाडाला मनसोक्त नावं ठेवली, तेव्हा कुठे तिला आपल्या घरात आल्यासारखं वाटलं. खाली बंब उभा आहे, इतका चकचकीत की त्यात बघून भांग पाडावा. तुकडीत आम्ही चौघं: साहेब, ड्रायव्हर तात्या, लंबू आणि मी. लंबूला प्रत्येक दारातून येताना मान वाकवावी लागते. आमचा पलंग त्याने एकट्याने वर चढवला आणि शेवटच्या पायरीवर पोचेपर्यंत माझ्या आईला आई म्हणायलाही लागला होता. ती लगेच विरघळली.

साहेबांनी कपाटातून एक पिवळी काठी काढून माझ्या हाती दिली. करंट ओळखायची काठी, अजून प्लास्टिकमध्येच! ही तारेला टेकवावी लागत नाही, लांबूनच फिरवायची. जवळपास जिवंत, म्हणजे करंट असलेली, तार असली की ओरडते, आणि जितकं जवळ जाल तितकी घाईघाईने. हिचं प्रशिक्षण घेतलं म्हणूनच माझी इथे बदली झाली. इतकी वर्षं ती कोणी वापरली का नाही असं विचारलं, तर तात्या म्हणाले की आत्तापर्यंत नशिबावर भागत होतं. लंबूने काठीचं नावही ठेवून टाकलं: टिटवी.

गुरुवार, ७ तारीख

पहिली मोठी वर्दी. एक गाडी विजेच्या खांबावर आदळली होती, तार तुटून टपावर पडली होती, आत एक बाई आणि तिची दोन मुलं. वायरमनने लाइन बंद केल्याचं सांगितलं. टिटवी मात्र ओरडतच होती. मी कोणालाच पुढे जाऊ दिलं नाही. त्या बाईला कर्ण्यावरून सांगत राहिले की आतच बसा, दाराला हात लावू नका. गर्दी मला शिव्या घालत होती आणि साहेब माझ्याकडे बघत दातओठ खात होते. शेवटी कारण सापडलं. वीज गेल्याबरोबर कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याने जनरेटर लावला होता, आणि त्याचा करंट उलट रस्त्यावरच्या तारेत येत होता. जनरेटर बंद केला, टिटवी गप्प झाली, तिघंही सुखरूप बाहेर आली.

आणि साहेब काय म्हणाले? उशीर फार झाला म्हणाले. शाबासकी नको होती मला, पण निदान तोंड मिटून तरी बसायचं!

मंगळवार, १२ तारीख

कापडाच्या गोदामाला आग. दुपारपर्यंत विझली, पण आम्हीच मारलेलं पाणी तळघरात छातीइतकं साचलं. तिथला रखवालदार सापडत नाहीये. त्याची खोली तळघरातच होती. लंबू जिना उतरायला निघाला, तेवढ्यात मी टिटवी पुढे केली आणि ती ओरडली. वायरमनने फ्यूज काढले, मीटर काढला, शेवटी रस्त्यावरून येणारी केबलच तोडली. तरी ओरडतेच आहे. इथे जनरेटर नाही, इन्व्हर्टर नाही, छतावर सौर पॅनेल नाही, शेजाऱ्याकडून चोरून ओढलेली वायरही नाही. मी भिंतीन्‌भिंत बघितली. मग साहेबांना ओरडून सांगितलं की खाली जिवंत आहे, कोणी उतरायचं नाही.

ते रखवालदाराच्या बायकोने ऐकलं. दोरी ओलांडून ती धावत आली, माझे दोन्ही हात धरले आणि रडत, हसत म्हणाली की मला माहीतच होतं, ते असे जायचे नाहीत.

तिला समजावता समजावता माझा घसा बसला. जिवंत म्हणजे तार हो, बाई. तार.

गुरुवार, १४ तारीख

पाणी उपसावं म्हटलं, तर वरून पाइप आत सोडला की पंप बंद पडतो. दोन पंप जळाले. टिटवी तपासायला पाठवली होती, ती कसलाही दोष नाही म्हणून परत आली. शेजारच्या केंद्रातून दुसरी काठी मागवली, तीही ओरडते. वायरमनच्या मीटरवर मात्र काटा हलत नाही! साहेबांचं म्हणणं, दोष काठीत नाही, काठी धरणाऱ्या हातात आहे. हसावं की रडावं?

आणखी एक. परवा टिटवी पाण्याजवळच्या पायरीवर ओरडायला लागायची. आज जिन्याच्या तोंडाशीच ओरडली. पाणी तर बोटभरही चढलेलं नाही. हे मी साहेबांना सांगितलं. त्यांनी जांभई दिली.

ती बाई फुटपाथवर बसून आहे, नवऱ्याचे कोरडे कपडे मांडीवर घेऊन. वर आल्यावर त्यांना थंडी वाजेल म्हणते.

शनिवार, १६ तारीख

माझी सुट्टी साधून साहेबांनी लंबूला खाली उतरवलं. तात्यांनी गुपचूप फोन केला, मी तशीच धावत सुटले. पोचले तेव्हा लंबू पायऱ्या चढून वर येत होता, खांद्यावर रखवालदार. हसून म्हणाला, बघ, काही झालं का मला? रखवालदार केव्हाच गेलेला होता. बायको त्याच्या तोंडावरून हात फिरवत राहिली, आणि मग मान वर करून माझ्याकडे नुसती बघत राहिली.

जिन्यावर टिटवी फिरवली. गप्प. पाण्यावर धरली. गप्प. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

मग लंबूच्या शेजारून जाताना ओरडली.

मागे सरकले, मंदावली. पुढे गेले, घाईला आली. लंबू हसला, पण उशिरा, कोणीतरी आठवण करून दिल्यासारखा. साहेबांनी काठी हिसकावली आणि नेऊन कपाटात कोंडली. आता माणसांत करंट शोधायला लागलीस, डोकं तपासून घे म्हणाले. सगळ्यांदेखत.

सोमवार, १८ तारीख

लंबू आता दारातून येताना वाकत नाही. कपाळ चौकटीवर आपटतं, तरी त्याचं लक्ष नसतं.

फार गार वाटतं म्हणतो. कोणीतरी हात धरा म्हणतो.

आज रखवालदाराच्या बायकोची चौकशी करत होता. तिला घरात लाडाने काय म्हणतात, तेही त्याने मला सांगितलं. त्याला कसं ठाऊक? तिच्याशी तो एक शब्दही बोललेला नाही.

साहेबांना सांगितलं. कपाटाची चावी मागितली. नाही म्हणाले.

मंगळवार, १९ तारीख

तात्या गेले.

बंब धुऊन झाला होता, अंगण ओलं होतं. दोघं लोखंडी शिडी उचलत होते. एका टोकाला तात्या, दुसऱ्या टोकाला लंबू. डॉक्टर म्हणाले शॉक, पण डोक्यावर ना तार, ना जवळ खांब. वायरमन येऊन सगळं बघून गेला — काही नाही.

आणि साहेब मला विचारतात, तू आधी तपासलं का नाहीस! मला! काठी यांच्या कपाटात, चावी यांच्या खिशात — भिंतीवर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

बुधवार, २० तारीख

कपाट फोडलं. टिटवी माझ्याकडे आहे.

लंबू कामावर आला नाही. रखवालदाराच्या बायकोकडे गेले. उशीर झाला, तीही गेली. शेजारीण म्हणाली, संध्याकाळी गणवेशातला एक उंच माणूस आला होता, त्याने नुसती हाक मारली तशी ही हसत दार उघडायला धावली. वायरमनने सगळं बघितलं — घरात कुठेच काही बिघाड नाही —

साहेबांना फोन केला. योगायोग म्हणाले. दुसऱ्यांदा केला, उचलला नाही.

गुरुवार, दुपार

लिहून ठेवते. नंतर कोणी म्हणायला नको की सांगितलं नाही.

टिटवी ओरडते आहे. जिन्यावर बूट वाजतात — ओले.

आमच्या दारासमोर थांबला. ठोठावत नाही. दारावर हात ठेवून उभा आहे. दार पत्र्याचं आहे.

आई, म्हणून हाक मारतोय.

आईला सांगितलं, उघडू नकोस. म्हणते, एवढा गुणाचा मुलगा, भिजून आलाय, त्याला बाहेर ताटकळत ठेवायचं? म्हटलं, अगं, करंट आहे. म्हणाली, तुझं आपलं सारखं तेच. पुन्हा सांगितलं, ओरडून सांगितलं — बरं बाई म्हणाली, गेली भांडी घासायला —

खाली केंद्रात फोन कोणी उचलत नाही. वायरमन निघालाय म्हणे —

टिटवी आता थांबतच नाही, एकच लांब आवाज —

पुन्हा हाक.

नळ बंद झाला. आईची पावलं — दाराकडे — हात ओले असतील तिचे —

आई कडीला हा